उजव्या खणातले पत्र

मित्रांनो, ज्या पत्राला नऊ वर्षे उत्तर गेले नाही, ते पत्र माझ्या पोटात होते. म्हणून ही हकिकत सांगायचा थोडासा हक्क मला आहे, असे मी धरून चालतो. नसेल, तर माफ करा. मला बोलायची सवय नाही.

मी एक जुना खण आहे. वाचनालयातल्या एका जाडजूड टेबलाचा उजवा खण. टेबलाला सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्यावर पुस्तके पडतात, कोपरे टेकतात, चहाच्या कपांची वर्तुळे उमटतात. खणाचे तसे नाही. उघडला तर त्याला जग दिसते, मिटला की नुसते ऐकू येते. त्यामुळे माझ्या सांगण्यात काही ठिकाणी फक्त आवाज असतील. तेवढे सांभाळून घ्या.

सुताराने मला सगळ्यात शेवटी केले. आधी टेबल झाले, मग डावा खण झाला आणि उरलेल्या फळीतून मी निघालो. फळी जरा ओली होती. वाळताना मी एका अंगाने वाकलो, आणि तेव्हापासून मी अडतो. कोणी खसकन ओढले की अर्ध्यावर थांबतो. आणखी जोर केला की आणखी रुसतो. मात्र किंचित वर उचलून हळू ओढले, तर निमूट सरकतो. सुतार हसून म्हणाला होता, "खण लाजाळू आहे. पण टेबल हत्तीसारखं झालंय. यावर कोणी नाचलं तरी दौतीतली शाई हलणार नाही."

माझी पहिली वर्षे एका म्हाताऱ्या बाइंडरपाशी गेली. माझ्यात दोऱ्याची रिळे असायची, सुया असायच्या. ते दिवस बरे होते. मग बाइंडर गेला, फाटकी पुस्तके बाहेर बांधायला जाऊ लागली, आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. मोडक्या खुर्च्या, ओल्या छत्र्या आणि आम्ही. एका उंदरिणीने माझ्यात दोन बाळंतपणे उरकली. त्या काळात माझे तेवढेच कौतुक झाले.

तिथून आम्हाला वर आणले ते नव्या ग्रंथपालांनी. त्यांना नवे टेबल मिळत होते. त्यांनी जुने मागितले, कारण नव्याशी ओळख करून घ्यावी लागते, असे ते म्हणाले. माणूस असा होता. अफाट वाचलेला, पण कोणी आभार मानले की स्वतःच्या बुटांकडे बघायचा. पुस्तक कुठल्या कपाटात कितव्या फळीवर आहे, ते डोळे मिटून सांगायचे, पण "कसे आहात?" एवढे विचारायला त्यांना धीर गोळा करावा लागायचा. आणि पत्र लिहायचे म्हटले की पंचाईतच. "आपले पत्र मिळाले" एवढे लिहून ते पेन तोंडाशी धरून बसत. पुढचा शब्द चुकला तर? समोरच्याला लागला तर? ज्या पत्रांना उत्तर सुचले, ती डाव्या खणात जात. ज्यांना सुचले नाही, ती माझ्यात.

पुढे वाचनालयाने ठरवले की पुस्तके पुन्हा घरातच दुरुस्त करायची. त्या कामावर एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, पण आमच्या शिपाईमामांना सगळ्याच मुली. तिच्या हातचे टाके इतके सारखे होते, की मामांनी दुसऱ्याच दिवशी तिचे नाव टाकेताई ठेवले, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसले.

पण सुरुवात काही सुखाची झाली नाही. तिला हॉलमध्ये, पुस्तक देण्याघेण्याच्या काउंटरशेजारी एक लोखंडी टेबल दिले होते. काउंटरवरच्या बाई एक दिवस आमच्या केबिनच्या दारात येऊन कुरकुरल्या, "फारच भाव खाते हो ही. सकाळी आपुलकीनं विचारलं, काय, कशा आहात? तर म्हणते, डाव्या कानात ट्यूबलाइट वाजतेय. हे काय उत्तर झालं?"

"तुम्ही विचारलंत, तिनं सांगितलं," मामा म्हणाले. "खरं सांगितलं म्हणून रागावता होय?"

"अहो, पण मला कुठं खरं ऐकायचं होतं!"

मग तो बुधवार आला. मी मिटलेला होतो. मला एक किंचाळी ऐकू आली आणि वाटी फुटल्याचा आवाज. मागून मामांचा रडवेला सूर: "मी काहीच केलं नाही साहेब. चहा गार होत होता, म्हणून मागून खांद्यावर हात ठेवला फक्त. आपल्या लेकीच्या ठेवतो तसा." खळीची वाटी उडून नुकत्याच शिवलेल्या पुस्तकावर पडली होती. टाकेताई कान दाबून खाली पुस्तकांच्या तळघरात निघून गेली होती. अर्ध्या तासाने मामांना ती सापडली. एका कपाटापुढे, पुस्तकांच्या कण्यांना कपाळ टेकून उभी. मग ती वर आली, कोणाशी न बोलता तिने एकेक पान टिपकागदाने पुसले आणि पुस्तक पुन्हा शिवले.

तिसऱ्या दिवशी टपालात तिचे पत्र आले. तिकीट लावलेले, शिक्का बसलेले.

"अठरा पावलांवर बसते ही," मामा म्हणाले, "आणि पत्र पोस्टानं! मी विचारलं तिला. तर म्हणाली, हातात दिलं की लोक हसून घेतात आणि ठेवून देतात. टपालानं आलं की आवक वहीत चढतं, त्याला नंबर मिळतो."

ग्रंथपालांना एकटे असताना ओठांनी पुटपुटत वाचायची सवय होती, म्हणून ते पत्र मला पाठ आहे. ती लिहिते:

"मी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्न म्हणतात, पण मी स्वतःत मग्न नसते, कामात असते. मला काही गोष्टी इतरांपेक्षा जास्त ऐकू येतात आणि जास्त दिसतात, आणि काही गोष्टी शब्दांत सांगितल्याशिवाय कळत नाहीत. माझे काम चांगले व्हावे म्हणून मला पाच गोष्टी हव्या आहेत. एक, वाजणारी ट्यूबलाइट बदलावी. दोन, काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे. तीन, 'लवकर', 'जरा', 'सवडीने' असे न म्हणता दिवस आणि वेळ सांगावी. चार, माझ्याकडे समोरून यावे, अंगाला हात लावू नये. मामा वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. पाच, मी चहा एकटी पिते. त्याचा अर्थ मी रागावले आहे असा धरू नये. यांतले काय जमेल आणि काय जमणार नाही, ते कृपया लेखी कळवावे."

ग्रंथपालांनी ते तीनदा वाचले. मग चष्मा काढून पुसला, आणि पुसायचे काही नव्हते तरी पुसतच राहिले. कागद पुढे ओढून त्यांनी लिहिले, "आपले पत्र मिळाले. आपल्या भावना समजल्या." 'भावना' खोडले. 'अडचणी' लिहिले. तेही खोडले. 'मागण्या' लिहिले, तर तो शब्द त्यांना दरडावल्यासारखा वाटला. चार वाजेपर्यंत टोपलीत सात कागद जमले. शेवटी त्यांनी मला हळूच उघडले, पत्र आत ठेवले आणि स्वतःशीच म्हणाले, "उद्या."

मित्रांनो, उद्या त्यांनी पत्र लिहिले नाही. पण ते स्वस्थही बसले नाहीत. शब्द जमत नाहीत म्हटल्यावर त्यांनी कामे करायला घेतली.

आधी वायरमन आला. शिडीवर चढून म्हणाला, "कुठली ट्यूब वाजतेय? मला तर काहीच ऐकू येत नाही."

टाकेताईने मान वर केली नाही. "तिसरी. आणि सहावी, पण सहावी थोडी कमी."

वायरमनने तिसरी उतरवली आणि ओरडला, "अहो, चोक जळत आलाय याचा! आठवडाभरात धूरच निघाला असता!" सहावीचेही तेच. जाताना तो मामांना विचारून गेला, की या बाई सुटीच्या दिवशी त्याच्या दुकानात बसतील का.

मग ग्रंथपालांनी दोन दिवस केबिनच्या काचेतून नुसते पाहिले. काउंटरवरच्या बाई शिक्का आपटायच्या, तेव्हा शेजारचे लोखंडी टेबल थरथरायचे आणि टाकेताईची सुई हवेत थांबायची. शिक्का, थांब. शिक्का, थांब. तिसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावले. "माझं टेबल त्यांना द्या. मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत लावा, खिडकीशी. तिथे शिक्का ऐकू जाणार नाही."

"आणि तुम्ही साहेब?"

"मला काय, मी कुठेही वाचतो."

माझ्यातले कागद त्यांनी स्वतः काढून घेतले. फक्त तिचे पत्र मागच्या फटीत घसरले होते. ते त्यांना सापडले नाही. पत्र हरवले, या विचाराने त्यांचे कान लाल झाले, पण कोणाला विचारायचा धीर झाला नाही. अशा रीतीने तिचे पत्र माझ्यासकट तिच्याकडे परत गेले.

तिने मला ओढले, मी अडलो. दुसरे कोणी असते तर लाथ बसली असती. तिने मात्र मला किंचित उचलले, पुढे घेतले, पार बाहेर काढले आणि माझ्या दोन्ही कडांवर मेणबत्तीचा तुकडा घासला. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचले नव्हते. तेवढ्यात तिला पत्र दिसले. तिने ते उलटून पाहिले. त्यावर 'हो' नव्हते, 'नाही' नव्हते, एक रेघही नव्हती.

"अजून विचार चाललाय," ती हळूच म्हणाली, आणि पत्र होते तिथेच ठेवून दिले. पत्र तिने लिहिले होते, पण पाठवल्यावर ते त्यांचे झाले होते.

आता बघा, घोटाळा कसा झाला. ग्रंथपालांना वाटले, मी सगळे केले, म्हणजे उत्तर दिलेच की. तिला वाटले, उत्तर यायचे आहे. दोघेही खरे, दोघेही भले, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारणारे नव्हते. मीही काही बोलू शकलो नाही. याची मला आजही चुटपुट लागते.

पण ती नऊ वर्षे म्हणाल, तर मी अभिमानाने सांगेन. चिठ्ठ्या सुरू झाल्या. पहिल्या चिठ्ठीत ग्रंथपालांनी सवयीने लिहिले, "चार पुस्तके, सवडीने." टाकेताई चिठ्ठी घेऊन केबिनच्या दारात गेली. दोघांचे ते बोलणे मामा पुढे कितीदा तरी आमच्या खोलीत करून दाखवायचे.

"सर, सवड म्हणजे कोणता वार?"

"अं... गुरुवार?"

"किती वाजता?"

"चार... चार वाजता?"

"प्रश्न आहे का उत्तर?"

"उत्तर. चार वाजता."

गुरुवारी चार वाजता पुस्तके त्यांच्या टेबलावर होती. पावणेचारला नाही, सव्वाचारला नाही. बाहेरचा बाइंडर एवढ्याच कामाला दीड महिना लावायचा आणि वर उपकार केल्यासारखे बघायचा.

मामांनी खांद्यावरचा हात सोडला. दारातूनच खाकरून ते सांगायचे, "ताई, समोरून येतोय. हातात चिठ्ठी आहे. दुसरं काही नाही." नवा कोणी माणूस खोलीत शिरू लागला, की त्याला थोपवून धडे द्यायचे. चिठ्ठ्यांची चटक हळूहळू साऱ्या वाचनालयाला लागली. "कधी" आणि "किती" लिहिलेले असले, की कोणालाच ओरडा खावा लागत नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आले. ट्यूबलाइट बदलल्यावर काउंटरवरच्या बाईंची रोज दुपारची डोकेदुखीही गेली. त्या मग कधीमधी आपला कप घेऊन टाकेताईच्या खोलीत यायच्या, दुसऱ्या टोकाला बसायच्या आणि चकार शब्द न बोलता चहा पिऊन जायच्या. मामांना म्हणाल्या, "दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं मला कोणाशी गोड बोलावं लागत नाही."

आणि तिचे काम! झाडाझुडपांच्या चित्रांचा एक मोठा ग्रंथ आमच्याकडे होता. त्यातली बरीच पाने फार वर्षांपासून गायब. जास्तीची म्हणून जी काही पाने आत होती, ती कशाची, तेही कोणाला सांगता येईना. झाडे शिकवणारे एक निवृत्त मास्तर त्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत. टाकेताईने ग्रंथ उसवला, पाने डोळ्यांपाशी धरली आणि बोटाने भोके मोजली. "यातले दोन फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, या पुस्तकाचे नाहीत. या पुस्तकाला पाच भोकं आहेत, यांना सहा." मग ती तळघरात उतरली आणि तीन आठवडे सहा भोकांचे पुस्तक शोधत राहिली. ते निघाले दगडांचे पुस्तक, आणि झाडांची हरवलेली पाने त्यातच होती. कोण्या जुन्या बाइंडरने दोन्ही एकाच दिवशी शिवताना फर्म्यांची अदलाबदल केली होती. दगडांत पाने, झाडांत दगड. तो बाइंडर कदाचित माझा पहिला मालक असावा. मी तो विषय वाढवला नाही.

मास्तर आले, पाने पाहिली आणि त्यांचे डोळे भरले. ते दोन्ही हात पुढे करून टाकेताईकडे धावले.

"मास्तर!" मामा ओरडले. "हात खिशात घाला आधी!"

मास्तरांनी घाबरून हात खिशात घातले आणि शाळकरी पोरासारखे उभे राहून म्हणाले, "फार मोठं काम केलंत तुम्ही."

"हो," ती म्हणाली. "पण पान एकशे बारा अजून मिळालेलं नाही. मंगळवारी अकरा वाजता या."

सगळे गोड गोडच होते, असे मी म्हणणार नाही. एकदा बैठकीची वेळ बदलली आणि तिला सांगायचे राहिले. ती रिकाम्या खोलीत तासभर बसून होती, आणि पुढचे दोन दिवस तिचा टाका सरळ येत नव्हता. काही दिवस तिला आवाजच सोसत नसत. तेव्हा ती तळघरात जाई, आणि "काय झालं?" म्हणत कोणी मागे जात नसे. ती आपली वेळ झाली की वर येई. आणखी एक गोष्ट रोज घडायची, ती मात्र फक्त मला ठाऊक होती. सकाळी दार उघडले की ती आधी टेबलाच्या कडेवर तळहात ठेवायची, दिव्याकडे बघायची, मग मला पुरते उघडून पत्र आहे ना ते पाहायची. मला वाटायचे, तिला आमची माया आहे.

मग ग्रंथपालांच्या निवृत्तीचा आठवडा आला. शुक्रवार शेवटचा. त्यांच्या जागी येणाऱ्या मॅडम सोमवारीच वाचनालय पाहायला आल्या. चलाख, हसतमुख, हातात मोजपट्टी. टाकेताई माझ्यातून दोरा काढत होती, म्हणून मी उघडा होतो आणि सगळे दिसत होते.

"ही खोली आपण सामानाला देऊ," मॅडम म्हणाल्या. "सगळे एका हॉलमध्ये बसतील. सरसकट. आणि हे टेबल? बाप रे, हे कुठल्या काळातलं?"

"त्यांना... या ताईंना इथे बरं पडतं," ग्रंथपाल बुटांकडे बघत म्हणाले.

"कोणी ठरवलं?"

"ठरवलं असं नाही. होत गेलं."

"सर, रागावू नका हं. तुमच्या वेळी होत गेलं. उद्या वरून कोणी विचारलं, एकाच व्यक्तीला वेगळी खोली का, वेगळे नियम का, तर मी काय सांगू? आधीचे सर फार भले होते? मला कागद द्या. तुमच्या सहीचा कागद असेल, तर मी या टेबलाचा एक खिळाही हलवणार नाही. शब्द देते. पण कागद नसेल, तर माझा नाइलाज आहे."

मॅडम मोजपट्टी गुंडाळत पुढे गेल्या. खोलीत दोघेच राहिले. टाकेताईने काढलेला दोरा पुन्हा रिळावर गुंडाळला.

"सर," ती म्हणाली, "माझ्या पत्राचं उत्तर आलेलं नाही."

"अहो, पण ताई... सगळं केलं ना आपण? दिवा, टेबल, चिठ्ठ्या?"

"केलं. पण ते 'हो' होतं, की तुम्ही चांगले आहात म्हणून होतं, हे मला कळलं नाही. चांगले आहात म्हणून असेल, तर तुम्ही गेलात की ते संपलं." "नऊ वर्षं मी रोज सकाळी आधी टेबल जागेवर आहे का बघते. मग दिवा. मग पत्र. ते झाल्यावर कामाला लागते. रोज, सर."

माया नव्हती ती, मित्रांनो. धास्ती होती.

"पत्र?" ग्रंथपाल म्हणाले. "ते तर हरवलं..."

"नाही. तुमच्या खणात आहे. मी हात लावला नाही, फक्त बघते." तिने मला पार पुढे ओढले. त्यांनी आत हात घालून ते पत्र काढले. कडा पिवळ्या झाल्या होत्या. मी इतक्या वर्षांत कोणाचा चेहरा असा पडलेला पाहिला नव्हता.

"मला हॉलमध्ये बसता येणार नाही," ती म्हणाली. "प्रयत्न करेन म्हणून सांगणं खोटं होईल. कागद नसेल, तर मी शुक्रवारी काम सोडेन. हे मी तुम्हाला धाक घालायला सांगत नाही. तुम्हाला दिवस आणि वेळ कळावी म्हणून सांगतेय."

मंगळवारी त्यांनी लिहिले आणि फाडले. बुधवारीही. त्यांच्या निरोपाचे हार, भाषणे यांचे काय चालले होते, कोणास ठाऊक, पण मामा येऊन टाकेताईला रोज सांगायचे, "समोरून येतोय ताई. अजून नाही. टोपली भरलीय." गुरुवारीही तेच. ती मान हलवायची आणि आपल्या सुया एकेक करून डबीत ठेवायची, घरी न्यायला. रिकामे होणे काय असते, ते मला माहीत होते. जिन्याखाली असताना ते मी शिकलो होतो.

शुक्रवारी सकाळी तिला एक चिठ्ठी आली: "आज दोन ते चार मला आपल्या टेबलाशी बसायला मिळेल का?" तिने खाली लिहिले, "हो. मी तळघरात असेन."

दोन वाजता ते आले. तिची सुई, घड्या दाबायची हाडाची पट्टी, खळीची नवी वाटी यांना धक्का न लावता जपून बसले. पाच वाजता त्यांची सही साध्या माणसाची सही होणार होती. अडीच वाजेपर्यंत "आपले पत्र मिळाले" एवढेच झाले होते. मामा चहा घेऊन आले आणि कागद पाहून वैतागले.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुम्ही इतकी वर्षं तिला चिठ्ठ्या लिहिल्यात. किती पुस्तकं, कुठला वार, किती वाजता. कधी अडलात का?"

"ते काम असायचं हो मामा. हे उत्तर आहे. यात माझ्या हातून एखादा शब्द कमीजास्त..."

"तिला गोड शब्द हवेत कुठं? तिला काय जमेल नि काय नाही, तेवढं हवंय. चिठ्ठीच लिहा की. जरा लांब."

ग्रंथपालांनी नवा कागद घेतला, आणि या खेपेला पेन तोंडाशी गेले नाही. ओठ हलत होते, म्हणून मला ऐकू आले:

"आपले पत्र मिळाले. उत्तराला नऊ वर्षे लागली. चूक माझी आहे. आपण पाच गोष्टी मागितल्या होत्या. पाचही मान्य आहेत. त्या आजपासून नव्हे, आपण पत्र लिहिले त्या दिवसापासून मान्य आहेत. ही खोली आणि हे टेबल आपल्या कामाची साधने आहेत, जशी सुई आहे; ती सवलत नाही. यांत काही बदल करायचा झाल्यास पंधरा दिवस आधी आपल्याला लेखी विचारावे आणि आपण नाही म्हटल्यास करू नये. आपल्यासारखे काम या वाचनालयात आजवर कोणी केलेले मी पाहिले नाही. हे मी आपल्याला कधी सांगितले नाही. मला वाटायचे, आपल्याला ते दिसत असेल. ते सांगायला हवे होते. आता लेखी कळवतो."

खाली सही, हुद्दा, तारीख, आणि जावक वहीतला नंबर. दुसरी प्रत नव्या मॅडमच्या हुद्द्याच्या नावे. दोन पाकिटे, दोन तिकिटे.

"द्या, मी टाकून येतो पेटीत," मामा म्हणाले.

"नको. मीच जातो."

ते उठले, पण मला लोटायचे विसरले. म्हणून पुढचे मी खिडकीतून पाहू शकलो. नाही तर तुम्हाला पुन्हा नुसते आवाजच सांगावे लागले असते.

मित्रांनो, मी लाकडाचा, त्यातही वाकड्या लाकडाचा. मी तुम्हाला काय शिकवणार? पण एवढे मागतो. तुमच्या वर्गात, घरात, शेजारी कोणी अशी पाच गोष्टी मागणारी भेटली, तर हसून ठेवून देऊ नका. जमेल ते करा. जमणार नाही ते तसे सांगा. आणि केलेत, तरी तोंडाने किंवा कागदाने 'हो' म्हणा. तुमचा चांगुलपणा तुम्हाला आतून दिसतो. ज्याला रोज त्यावर विसंबून राहायचे असते, त्याला तो दिसतोच असे नाही.

चारला पाच मिनिटे कमी असताना ग्रंथपाल रस्त्यापलीकडच्या टपालपेटीशी पोचले. पेटी चारला उघडतात. त्यांनी पाकिटे वर धरून पत्ते वाचले. मग पुन्हा वाचले. तिकीट नीट चिकटले आहे का, ते अंगठ्याने दाबून पाहिले. एक सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला.

खोलीत टाकेताई वर आली होती. ती खिडकीशी उभी राहिली, मामा तिच्यापासून हातभर अंतरावर.

"आता काय वाचतायत ते?" मामा पुटपुटले. "अहो, टाका की!"

"वाचू दे," टाकेताई म्हणाली. "अजून तीन मिनिटं आहेत."

ग्रंथपालांनी पेटीची झडप उचलली, मनगटापर्यंत हात आत घातला, आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. हात बाहेर आला तेव्हा तो रिकामा होता.